क्षयजंतूची झोप

सुप्त क्षयजंतूवर औषध शोधताना खरी अडचण जंतू मेला की नुसता झोपला, हे ठरवण्याची असते. प्राणवायू हळूहळू संपत गेला की तो वाढ थांबवतो, मरत मात्र नाही. क्षयावरचे नेहमीचे औषध आयसोनियाझिड जंतूच्या भिंतीची बांधणी रोखते. बांधकामच बंद असेल तर रोखणार काय? उपचार सहा महिने लांबतात त्याचे हे एक मोठे कारण. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हंगामही साधारण तेवढाच. टोळी दिवाळीच्या आसपास निघते, आणि तिच्यातल्या क्षयरोग्याने फडावरून दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा.

उपचाराचा हा काळ घटावा म्हणून समुद्री स्पंजांकडे आशेने पाहिले जाते. ओसाका विद्यापीठात मासायोशी अराई आणि मोतोमासा कोबायाशी यांच्या गटाने इंडोनेशियातल्या हॅलिक्लोना स्पंजातील हॅलिसायक्लामीन ए हे रसायन तपासले. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की वाढत्या आणि प्राणवायूअभावी थांबलेल्या, दोन्ही जंतूंवर ते जवळपास सारख्याच मात्रेत चालते. पुढे अ‍ॅगेलास स्पंजातले अ‍ॅगेलासीन डी आले. ते डायऑक्सिजनेजसारख्या एका प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन जंतूने जास्त बनवले की औषध बोथट होते.

तपासणी मात्र फसवी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत धिमान सरकार यांच्या गटाने बीसीजी लसीच्या जंतूवर बसवलेल्या पद्धतीत, झोपलेला जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतो आणि ग्रीस अभिकर्मक घातला की तपासणीच्या प्लेटमधला खड्डा गुलाबी होतो. रंग आला नाही तर जंतू मेला असे वाटते. पण औषधाने फक्त हा बदल घडवणारे विकरच अडवले असले तरी रंग येत नाही! मग आगरवर पसरून वसाहती मोजायच्या, त्याला तीन-चार आठवडे. तिथेही औषधाचा अंश सोबत गेला तर जिवंत जंतूही उगवत नाही. रंगहीन खड्डा पाहून मनातल्या मनात पेटंटाचा मसुदा लिहिणारे या धंद्यात थोडे नाहीत. भरपूर हवेत वाढवलेल्या जंतूवरचा आकडा छापून सुप्त क्षयावर दावा करणारे तर त्याहून पुढचे.

स्पंजाचा पुरवठा वेगळीच डोकेदुखी: किलोभर मालातून हाती मिलिग्रॅम. अ‍ॅगेलासीन डी प्रयोगशाळेत बनवता येते, हा दिलासा. तरी उंदरांवरची परीक्षा उरतेच: साध्या उंदरांच्या फुप्फुसात प्राणवायूहीन गाठी सहसा होत नाहीत. त्या क्रॅमनिक नावाच्या वाणाच्या उंदरांत होतात, त्यामुळे सुप्त जंतूवरचा दावा अशा प्राण्यांत तपासावा लागतो.