प्रथमपुरुषी अनेकवचनी

पुरुष आणि वचन यांची प्रकरणे शाळेत घोकताना, पुढे कधी संगणकावरील बंदुकांच्या खेळांविषयी लिहिताना ती उपयोगी पडतील, असे आम्हांला वाटले नव्हते. ज्या खेळांना जगभर ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात, ते नावाप्रमाणेच प्रथमपुरुषी आहेत. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही. दिसतात ते आपले हात, हातातली बंदूक आणि समोरचे जग. बुद्धिबळात सोंगट्या हलवणारा पटाबाहेर बसलेला असतो. इथे खेळणारा स्वतःच पटावर उभा असतो. वाचकांपैकी अनेकांनी नातवंडांच्या खोलीतून येणारा गोळीबार ऐकला असेल आणि दार लोटून घेतले असेल. त्यांना आमची विनंती एवढीच, की हा लेख वाचून होईपर्यंत ते दार किलकिले ठेवावे.

या खेळांचा आरंभ मात्र एकवचनी होता. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १९९२ साली ‘वुल्फेन्स्टाईन थ्रीडी’ आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ असे दोन खेळ बाहेर आणले. त्यांत खेळणारा एकटा आणि समोर शत्रूंची फौज, असा मामला होता. परंतु ‘डूम’मध्ये एक जादा सोय होती. संगणक एकमेकांना जोडले, तर चौघांपर्यंत मंडळींना परस्परांविरुद्ध खेळता येई. राक्षसाच्या खोड्या चार दिवसांत पाठ होतात. शेजारी बसलेल्या मित्राच्या वर्षानुवर्षे होत नाहीत. तेथून या खेळाचे वचन बदलू लागले. १९९६ मध्ये ‘क्वेक’ने ही लढत इंटरनेटवर नेली. १९९९ मध्ये मिन्ह ली व जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी ‘हाफ लाइफ’ या तयार खेळात फेरफार करून ‘काउंटर स्ट्राइक’ रचला, आणि पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपला म्हणून प्रसिद्ध केला.

बडोद्यात तो आम्ही २००३ साली पाहिला. दांडिया बाजारालगतच्या एका सायबर कॅफेत दहा संगणक तारेने जोडलेले होते आणि तासाला वीस रुपये पडत. आमच्यापैकी बहुतेकांची घराणी गायकवाडी अमदानीत इकडे आलेली. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत दोहोंची खिचडी. ‘डस्ट टू’ नावाच्या वाळवंटी गावात पाच जणांनी बॉम्ब लावायचा आणि उरलेल्या पाचांनी तो निकामी करायचा. फेरीत जो मेला, तो फेरी संपेपर्यंत नुसता बघ्या. आखाड्याच्या कडेला बसलेल्या जुन्या पैलवानांप्रमाणे हे मेलेलेच सर्वांत वाचाळ असत. ‘अरे, डावीकडून येतोय ने!’ या आरोळीतला ‘ने’ पुण्याच्या मराठीत सापडायचा नाही. तो अस्सल बडोद्याचा. खेळ हिंसक आहे, हे आम्ही नाकारत नाही. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, असेच आमचे मत आहे. पण त्या खोलीत आम्हांला बंदुकीपेक्षा बोलण्याचेच व्यसन लागले, हेही नमूद केले पाहिजे.

आमचे ते दहा जण आज पुणे, टोरांटो, सिडनी असे पांगले आहेत. तरीही रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे टोरांटोच्या शनिवार रात्री, आमचा सामना भरतो. हे शक्य होते ते एका जुन्या औदार्यामुळे. अशा खेळाला सर्व्हर लागतो. म्हणजे कोण कुठे उभा आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, याचा हिशेब ठेवणारा मध्यस्थ संगणक. त्या काळी हा सर्व्हर चालवण्याचा प्रोग्रॅम खेळणाऱ्यांना मोफत मिळे. आमच्या एका मित्राने तो तेव्हा घरच्या यंत्रावर चढवला, आणि यंत्रे बदलली तरी तो आजही त्याच्याच माळ्यावर चालू आहे. आमच्यातला एक जण २०२१ च्या साथीत गेला. त्याची जागा आम्ही भरलेली नाही. आता पाच विरुद्ध चार असे खेळतो आणि चारांची बाजू आळीपाळीने घेतो.

येथवरची कथा वाचून कुणास वाटेल, की आज तर असे खेळ कितीतरी अधिक आहेत, तेव्हा मुलांची चंगळच असेल. प्रत्यक्षात या गर्दीनेच एक चमत्कारिक संकट आणले आहे. पुस्तकाला एक वाचक मिळाला तरी ते पुस्तक पूर्ण होते. पाच विरुद्ध पाचांच्या खेळाला एकाच घटकेस दहा जण हवेत. ते साधारण सारख्या तयारीचे हवेत, नाही तर नवखा पहिल्याच दिवशी दहा वेळा मरून निघून जातो. शिवाय ते फार लांबचे नकोत, कारण संदेश पोहोचायला क्षणाचा अंश उशीर झाला तरी नेम चुकतो. म्हणून हजारभर खेळाडू असलेला खेळही देशांत, प्रहरांत आणि तयारीच्या पायऱ्यांत विभागला, की रिकामा भासू लागतो. सामना जुळायला दहा मिनिटे लागली तर लोक कंटाळून जातात. ते गेले की वीस मिनिटे लागतात. लग्नघरी पंगत बसेना म्हणून पाहुणे उठावेत, आणि पाहुणे उठले म्हणून पंगत बसू नये, तसा हा प्रकार आहे.

याची उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांनी घालून दिली आहेत. मे २०१६ मध्ये गिअरबॉक्सचा ‘बॅटलबॉर्न’ आला आणि तीनच आठवड्यांत ब्लिझार्डचा ‘ओव्हरवॉच’ आला. लोक दुसरीकडे गेले. ३१ जानेवारी २०२१ रोजी ‘बॅटलबॉर्न’चे सर्व्हर बंद झाले, आणि त्यातला एकट्याने खेळायचा कथाभागही त्याच सर्व्हरवर अवलंबून असल्याने तोही बंद पडला. त्याच २०१६ च्या ऑक्टोबरात ‘टायटनफॉल टू’ हा जाणकारांनी वाखाणलेला खेळ ‘बॅटलफील्ड वन’ आणि नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ यांच्यामध्ये, दोहोंपासून एकेका आठवड्याच्या अंतराने, प्रसिद्ध झाला आणि चेंगरला. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी चाळीस डॉलरांना विक्रीस काढला, तेव्हा त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी फुकट मिळत होते. स्टीम या विक्रीपेठेवर तो एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या सातशेपर्यंतही पोहोचली नाही. चौदा दिवसांनी, ६ सप्टेंबरला, तो मागे घेऊन पैसे परत केले गेले, आणि ऑक्टोबरअखेर तो रचणारी फायरवॉक ही संस्थाही बंद करण्यात आली. युबिसॉफ्टचा ‘एक्सडिफायंट’ मे २०२४ मध्ये आला आणि जून २०२५ मध्ये मिटला. तरीही नवे खेळ येतच राहतात. पुण्याच्या डॉट नाइन गेम्सनेही जानेवारी २०२५ मध्ये ‘फौजी डॉमिनेशन’ घेऊन याच गर्दीत पाऊल टाकले. या बाजारात स्पर्धा पैशांची कमी आणि संध्याकाळींची अधिक आहे. माणसाला दिवसातून एकच संध्याकाळ मिळते, आणि ज्याचे मित्र, सवय आणि विकत घेतलेले रंगीत पोशाख एका खेळात अडकले आहेत, तो दुसरीकडे सहसा जात नाही.

हे सारे आकडे आम्हांलाही बाजारगप्पांसारखेच वाटले असते; पण गेल्या वर्षी असाच एक फारसा न चाललेला खेळ बंद झाला आणि आमचा सोळा वर्षांचा भाचा दोन दिवस जेवायला धड बसला नाही. त्याच्या चमूत आणखी दोन मराठी मुले होती. एक बेळगावचा आणि एक हैदराबादचा. पहिल्याच दिवशी घाईत ‘अरे, मागे बघ!’ असे कुणाच्या तरी तोंडून निघाले, आणि तिघांनी एकमेकांना ओळखले. बेळगावच्या मुलाच्या बोलण्यात कन्नडचा हेल होता. हैदराबादचा ‘नक्को’ म्हणे. मूळचा आपलाच ‘नको’ दखनीत जाऊन, द्वित्त घेऊन परत आलेला. आमच्या घरी मराठीत बोल म्हणून ज्याला दहादा सांगावे लागते, तो मुलगा रोज रात्री तासभर आपण होऊन मराठी बोलत होता. सर्व्हर बंद होण्याची तारीख जाहीर झाली होती. पण तिघांपैकी एकाची परीक्षा होती, एक गावाला गेला होता, आणि शेवटच्या रात्री भाचा एकटाच हजर होता. खेळाबरोबर मित्रांची यादी आणि संदेशही गेले. खरी नावे कुणी विचारलीच नव्हती. ‘मामा, आता त्यांना शोधायचं कुठं?’ या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. सर्व्हर आपल्या हाती ठेवला, तर लबाडी करणाऱ्यांना आवरता येते, तुल्यबळ जोड्या लावता येतात, आणि फुकट खेळातले पोशाख विकून खर्च भागवता येतो. तोट्यातले दुकान कुणी कायम चालवावे, असा आग्रहही कुणी धरू नये. आमचे म्हणणे दुकान बंद करताना काय करावे, एवढ्यापुरतेच आहे. इड सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये ‘डूम’चा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला केला. त्यामुळे १९९३ चा तो खेळ आज कोणत्याही यंत्रावर नव्याने बसवता येतो. ‘टायटनफॉल टू’च्या चाहत्यांनी २०२१ च्या अखेरीस आपले सर्व्हर आपणच उभारले. २०२४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ बंद झाला, तेव्हा खेळ मारू नका अशी एक चळवळच निघाली, आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे: तुम्ही दिवा मालवा, पण विकत घेतलेला खेळ चालवण्याची काही सोय आमच्याकडे राहू द्या.

आपल्यासारख्या वस्त्यांना ही मागणी समजायला अवघड जाऊ नये. आमच्या लहानपणी मराठी वाचनालय भाड्याच्या दालनात भरत असे. मालकाने ते दालन विकले, तेव्हा पुस्तके चार घरांच्या पडव्यांत वाटली गेली आणि दोन वर्षे वाचनालय त्या चार पडव्यांत चालले. ते तगले, कारण जागा परक्याची असली तरी पुस्तके आणि सभासदांची वही वाचनालयाची होती. भाच्याच्या खेळात जागा, पुस्तके आणि वही ही तिन्ही घरमालकाचीच होती. एकेकट्या माणसाला असे घर पुरते. ज्यांचे असणेच अनेकवचनी आहे, त्यांना ते पुरत नाही. मग तो दहा जणांचा सामना असो, की परमुलखात दोनशे वर्षे बोलली गेलेली भाषा.

भाच्याला आम्ही रविवारच्या सामन्यात बोलावले. तो येतो आणि आम्हां म्हाताऱ्यांना हरवून जातो. सर्व्हर कसा चालवायचा, हेही तो मित्राच्या माळ्यावर बसून शिकला. आता त्याचा स्वतःचा सर्व्हर आहे, आणि त्याच्या वहीत खेळणाऱ्यांची खरी नावे आहेत.

शेवटी एक काम. हे पत्रक बेळगावात आणि हैदराबादेतही घरोघरी जाते. आपल्या घरी सोळा-सतरा वर्षांचा कुणी मुलगा असेल, जो गेल्या वर्षापर्यंत रात्री नऊच्या सुमारास ‘तोफखाना’ किंवा ‘चारमिनार७’ या नावाने खेळत असे आणि मग अचानक थांबला, तर त्याला सांगावे, की बडोद्याचा ‘लहेरीपुरा’ त्याची वाट पाहतो आहे. आमचा पत्ता संपादकांकडे आहे.