गोड छाटणी

आमच्या तासगावकडे द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड छाटणी. खरडीत वेल पार ओलांड्यापर्यंत उघडी पडते. गोडीत मात्र काडीवरच्या कुठल्या डोळ्यात घड आहे ते ओळखून कात्री लावायची असते. तो घड उन्हाळ्यातच डोळ्याच्या पोटात धरलेला असतो. बाहेरून सगळे डोळे सारखेच दिसतात, म्हणून आबा छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात. "आधी बघायचं, मग कात्री. नंतर बघून काय करणार?"

छाटणी कधी धरायची, हा त्याआधीचा घोर. आगाप धरली तर माल लवकर निघतो, दर बरा मिळतो. पण ऐन फुलोऱ्यात परतीचा पाऊस गाठतो, दावण्या रोग येतो, मणी गळतात. मागास धरली तर पाऊस टळतो, पण तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात. बेदाणा करायचा तर हिशेब निराळा. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा, पण तो शीतगृहात ठेवून दर बघून विकता येतो. आबांच्या वहीत हे सगळं समोरासमोर मांडलेलं असतं. एकदा तारीख ठरली की ते वही मिटतात आणि शेजारच्या बागेत कोणी कधी छाटली, हे विचारायलाही जात नाहीत. मला त्यांचं हे वही मिटणं फार मोठं वाटतं.

सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसन जातीच्या बागेतला वेगळा, लांबट मणी हेरला, जपला, त्याचा वाण केला. तो सोनाका. हजारो मण्यांत एकावर नजर थांबायला किती वर्षांचं बघणं लागत असेल!

माझा जीव अडकतो तो विरळणीला. फेलफूट खुडताना काही वाटत नाही, तिच्यावर घडच नसतो. पण पुढे वेलीला पेलतील तेवढेच घड राखायचे आणि राखलेल्या घडातलेही मणी कात्रीनं विरळ करायचे. सगळंच ठेवलं तर मणी फुगत नाही, साखर भरत नाही, काडी अशक्त होते. त्या नोव्हेंबरात मी एक टपोरा घड हातात धरून तशीच उभी होते. विरळणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "वाईट घड पाऊस काढतोच, ताई. आपल्याला चांगल्यातलंच काढाय लागतं."

तेव्हा माझ्या अंगावर तीन कामं होती. कॉलेजातली शिकवणी, एका कन्नड कादंबरीचं भाषांतर आणि बागेत कामाला येणाऱ्यांच्या मुलांचा रविवारचा वाचनवर्ग. तिन्ही मी हौसेनं घेतलेली, तिन्ही मनापासून आवडणारी. तिन्हींना मी रात्री उरलेला वेळ देत होते आणि एकातही गोडी उतरत नव्हती. वर्गातली एक मुलगी नुकतीच जोडाक्षरं वाचू लागली होती. बागेतलं काम झालं की ती मुलं दुसऱ्या गावी जातात. तिच्यापाशी थोडेच रविवार होते.

मी मावशींकडून कात्री घेतली. घड मातीत पडला, हिरवा, कोवळा, निकोप.

संध्याकाळी प्रकाशकांना फोन करून भाषांतर परत केलं. चाळीस पानं झाली होती. चांगली उतरली होती.