मद्रासहून येणारा चांदोबा

एम.ए.च्या वर्गात मराठी बालसाहित्याचा इतिहास आम्ही शिकलो, त्यात 'बालबोधमेवा' होता, विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' होते, वासुदेव गोविंद आपट्यांचा १९०६ सालचा 'आनंद' होता आणि शेवटी बालभारतीचा 'किशोर' होता. 'चांदोबा' नव्हता. आमच्यापैकी एक जण अमरावतीत शिकवतो, दुसरा अकोल्यात. पण हा इतिहास वाचताना दोघांनाही एकच गोष्ट खटकली होती. ज्या मासिकाने आम्हांला सलग वाचायला शिकवले तेच यादीतून गळलेले होते. आता तो अभ्यासक्रम शिकवण्याची पाळी आमच्यावर आली आहे आणि यादी अजून फारशी बदललेली नाही.

हा विषय पुन्हा निघाला तो विद्यार्थ्यांमुळे. आमच्या वर्गातली निम्मी मुले 'नारुतो' आणि 'वन पीस' यांवर अधिकाराने बोलतात. या कथा ज्या जपानी साप्ताहिकात क्रमशः आल्या ते 'शोनेन जंप' १९६८ मध्ये निघाले. 'शोनेन' म्हणजे मुलगा, किशोर. त्याआधी १९५९ च्या मार्चमध्ये एकाच दिवशी, १७ तारखेला, 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन प्रतिस्पर्धी साप्ताहिके बाजारात आली होती. 'जंप'चा खप १९९४ च्या अखेरीस पासष्ट लाखांच्या वर गेला. अंकासोबत वाचकांसाठी एक कार्ड असे. आवडलेल्या कथांची नावे लिहून मुलांनी ते पाठवायचे आणि त्या मतांवर कोणती मालिका चालू ठेवायची, कोणती गुंडाळायची हे बरेचसे ठरायचे. मैत्री, परिश्रम आणि विजय हे तीन शब्द त्या साप्ताहिकाचे ब्रीद मानले जातात. प्रत्येक मालिकेवर चित्रकार-लेखकाचे नाव ठळक छापलेले असते आणि मुले ते नाव पाठ करतात.

'आपल्याकडे असे काय होते, सर?' या प्रश्नाला आम्ही 'चांदोबा' असे उत्तर देतो, आणि लगेच आमच्याच लक्षात येते की ते उत्तर जवळजवळ प्रत्येक बाबतीत उलटे आहे. चांदोबा चित्रकथांचे मासिक नव्हते. तो सचित्र कथांचा अंक होता. त्यात वाचकांचा कौल घेतला जात नसे. दोन छायाचित्रे छापून त्यांना शीर्षके सुचवायला सांगत, तेवढाच काय तो वाचकाचा सहभाग. आणि बहुतेक कथांवर लेखकाचे नावच नसे.

मुळात हे मासिक तेलुगू. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये मद्रासहून 'चंदमामा' तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले. 'पाताळभैरवी' (१९५१) आणि 'मायाबाजार' (१९५७) हे गाजलेले चित्रपट काढणारे हेच ते. चक्रपाणींनी शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या तेलुगूत नेल्या होत्या. म्हणजे मासिकाचा एक संस्थापक स्वतःच अनुवादक! १९४८ मध्ये कन्नड, १९४९ मध्ये हिंदी आणि १९५२ मध्ये मराठी आवृत्ती आली. पुढे भाषांची संख्या डझनावर गेली. मराठीत येताना नाव मात्र 'चंदामामा' राहिले नाही. चंद्राला मामा म्हणण्याची रीत आपल्याकडेही आहे, तरी कोणाला तरी 'चांदोबा' सुचले. विठोबा, खंडोबा, जोतिबा यांच्या पंगतीला बसणारे हे नाव इतके सहज आहे की ते भाषांतर आहे हे आम्हांला मोठेपणीच कळले. ज्याला हे सुचले त्याला भाषेचा कान होता एवढे नक्की.

मराठीतल्या गोष्टीसुद्धा तेलुगूतून तयार होऊन येत. कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतले महत्त्वाचे वास्तववादी लेखक, विचाराने बुद्धिवादी. १९५२ पासून १९८० पर्यंत संपादनाची सूत्रे त्यांच्याकडे होती. एका नास्तिकाकडे वळणाऱ्या माणसाने अठ्ठावीस वर्षे राक्षस, यक्ष आणि मांत्रिक यांच्या कथा घासूनपुसून छापाव्यात, हा योगायोग आम्हांला फार आवडतो. जादूच्या दुनियेतही चांदोबातली कथा तर्काला सोडत नसे, त्यामागे हा हात असावा असे आमचे मत आहे.

आता वऱ्हाडाकडे येऊ. घरी 'मले-तुले' बोलणाऱ्या मुलाला मराठी बालसाहित्यात शिरायचे तर त्याला प्रथम पुण्यात जावे लागे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आम्हांला प्रिय होता, आजही आहे. पण तो फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा. त्याच्या पेठा, त्याचे बोलणे, त्याची सायकल ज्या रस्त्यांवरून जाई ते रस्ते, हे सगळे खऱ्या नकाशावरचे होते आणि त्या नकाशावर मूर्तिजापूर किंवा दर्यापूर कुठेच नव्हते. खरे गाव वाचताना आपण तिथले नाही हे सारखे जाणवते. चांदोबातले नगर मात्र कोणाचेच नव्हते. तिथल्या चित्रांत नारळीची झाडे आणि गोपुरे, आमच्या शिवारात कपाशी, तूर आणि ज्वारी. गोष्टीत जमीनदार, आमच्या गावात पाटील आणि देशमुख. तरीही विक्रमादित्याचे स्मशान आम्हांला सदाशिव पेठेपेक्षा जवळ वाटे. तिथे पोचायला पुण्याच्या मुलालाही आमच्याइतकेच चालावे लागत होते.

भाषेचेही तेच. चांदोबाची मराठी कोणाच्याच घरची नव्हती. छोटी वाक्ये, सोपी क्रियापदे, बेताचे संस्कृत शब्द, म्हणी जवळजवळ नाहीत. समीक्षक तिला बेचव म्हणतील आणि ते खोटे नाही. पण त्या भाषेने आमची चूक कधी काढली नाही. प्रमाणभाषा आम्ही शाळेत छडीच्या धाकाने शिकलो असे म्हणतात. आमच्या मते ती आम्ही बडनेरा स्टेशनच्या स्टॉलवर आणि अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर विकत घेतलेल्या अंकांतून, नंतर रद्दीच्या दुकानातल्या जुन्या अंकांतून, कोणी शिकवत आहे हे न कळता शिकलो.

अर्थात या कोणाच्याच नसलेल्या नगराला किंमत द्यावी लागते. तिथे जात नाही, म्हणजे तिचे नाव घेतले जात नाही. ब्राह्मण गरीब आणि शेतकरी भोळा एवढे ठरलेले असते. कर्जबाजारी शेतकरी असतो, पण कथेच्या शेवटी सावकाराला उपरती होते. १९९० नंतरच्या वऱ्हाडात मोठ्या झालेल्या पिढीला हा शेवट किती परका वाटेल हे सांगायला नको. राजकन्या बहुधा पळवून नेली जाते किंवा बक्षीस मिळते. मुलींनीही चांदोबा आमच्याइतकाच वाचला, पण 'मुलांचे मासिक' म्हणताना मराठीत 'मुले' या शब्दाने जी सोय करून ठेवली आहे ती तिथे पुरेपूर वापरलेली होती.

तरीही वेताळकथांसाठी आम्ही बरेच माफ करतो. 'वेतालपंचविंशती'त कथा पंचवीस; 'कथासरित्सागरा'च्या मार्गाने आलेला तो साठा केव्हाच संपायला हवा होता. चांदोबाने चौकट ठेवली आणि आत नव्या कथा घालत दशकानुदशके ती चालवली. शंकर यांचे ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान, दर महिन्याला तेच. (के. सी. शिवशंकरन हे त्यांचे पूर्ण नाव. ते २०२० मध्ये गेले, २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.) कथा अशा रचलेल्या की शेवट वरवर अन्यायाचा वाटावा: लायक माणसाला डावलले जाते, अपराधी सुटतो. मग वेताळ विचारतो, असे का? उत्तर माहीत असून दिले नाही तर डोक्याची शकले होतील. दिले तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडावर जाईल. राजा उत्तर देतो ते कथेतल्याच तपशिलांवरून, पात्राच्या आधीच्या एखाद्या बोलण्यावरून किंवा गप्प राहण्यावरून.

समीक्षा याहून वेगळी काय असते? आम्ही भावंडे राजाचे उत्तर अंगठ्याने झाकून आपापले निकाल देत असू आणि भांडत असू. विक्रमाचे उत्तर नेहमीच अखेरचे, त्यावर अपील नाही, ही त्या रचनेची मर्यादा. झाकलेल्या अंगठ्याखाली मात्र आम्ही ती ओलांडत होतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कथेचे विश्लेषण शिकवताना आम्ही आजही अशी एखादी कथा उत्तराआधी तोडून देतो. एरवी मान खाली घालून बसणारी मुलेही त्या तासाला बोलतात.

तेव्हा हे मासिक इतिहासातून का गळले? 'अनुवादित' म्हणून, असे उत्तर मिळते. पण मराठी बालसाहित्याचा आरंभ आपण ज्या पुस्तकापासून मोजतो ते सदाशिव काशिनाथ छत्र्यांचे 'बाळमित्र' (१८२८) अनुवादितच आहे, तेही फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असे दुहेरी; 'वेताळपंचविशी'ही त्याच छत्र्यांनी मराठीत आणली. फरक इतकाच की तिथे नाव आहे. इतिहासकाराला टांगायला खुंटी लागते, ती खुंटी म्हणजे लेखकाचे नाव. ते नसले की हजारो पाने जमिनीवर पडून राहतात.

तेलुगूत हे काम वाचकांनी केले. चंदमामातल्या साहसी धारावाहिका अर्धशतकभर बिननावी छापल्या गेल्या. त्यांचा लेखक दासरी सुब्रह्मण्यम हा संपादकीय विभागातला एक अबोल नोकरदार होता, हे तिथल्या जुन्या वाचकांनी लोकांसमोर आणले, त्या धारावाहिका त्याच्या नावाने पुस्तकरूपात काढल्या. तो २०१० मध्ये वारला. त्याच कथा मराठीत उतरवणाऱ्यांच्या वाट्याला हे आलेले नाही. रिद्धपूर आमच्या जिल्ह्यात आहे. तिथे म्हाइंभटांनी एकेक लीळा सांगणाऱ्याला गाठून, विचारून विचारून गोळा केली, असे आम्ही दर वर्षी वर्गात कौतुकाने सांगतो. मद्रासला बसून दर महिन्याला चौसष्ट-पासष्ट पाने मराठीत आणणारी माणसे तर कालपरवाची.

१९९८ मध्ये अंक थांबला, वर्षभराने पुन्हा निघाला. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने मासिक विकत घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्याच भाषांतले अंक बंद पडले. आता जुने अंक ग्रंथालयांत आहेत, म्हणजे ज्यांनी बांधून घेतले त्यांच्याकडे. आमच्या भागातल्या एका वाचनालयात असे काही खंड निघाले. मुखपृष्ठे गेलेली, मधली पाने कोणी कापून नेलेली, वेताळकथेची चित्रे तर हमखास. दाखलपुस्तकात त्यांची नोंद आहे. ग्रंथनाम या रकान्यात 'चांदोबा', भाषा या रकान्यात 'मराठी', आणि लेखकाच्या रकान्यात ग्रंथपालाने शाईने एक आडवी रेघ ओढली आहे.