‘औदुंबर’ची चाल

बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘औदुंबर’मधील उदासीनतेविषयी पुष्कळ लिहिले गेले, मात्रा मोजणे मात्र आपण परीक्षेपुरते ठेवतो. आम्हांस ती मोजणी अर्थाचीच वाटते.

आठही ओळींत १६ मात्रांवर यती आणि पुढे ११ अशी एकच चाल आहे. उणी मात्रा म्हणताना भरून निघते. यमके दोन-दोन ओळींची. मात्र मधल्या चार ओळींना एकच एकारान्त यमक आहे, त्यामुळे गाव, शेते, पायवाट न थांबता डोहाकडे ओढली जातात. अखेरच्या दोन ओळींत तो स्वर रकारात मिटतो. वाहणे, चालणे संपते. झाड बसलेले दिसते. उदासी शब्दांनी सांगितलेली नाही. ती या थांबण्यात आहे. वृत्त वगळून ती शिकवणार कशी?