तोबियाचा कुत्रा आणि आमचा मोती

तोबीताच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासास निघतो तेव्हा राफाएल देवदूत त्याच्या सोबतीस असतो आणि मागोमाग त्याचा कुत्राही निघतो. त्या कुत्र्याचा उल्लेख पुढे येतो तो थेट परतीच्या वाटेवर. बिचारा सुखरूप परतला, एवढे त्यावरून कळते. प्रवचनात हा प्रसंग आम्ही अनेकदा कौतुकाने सांगितला आहे. मोती गेल्यापासून मात्र तो सांगताना जीभ अडखळते.

मोती हा आमच्या धर्मगुरुनिवासातील कुत्रा. २०१८ च्या मार्चमध्ये, प्रायश्चित्तकाळात, तरुणांसमवेत आम्ही लोणावळ्याहून राजमाचीस पायी निघालो. वाट सुमारे १५ किलोमीटरची. चढ फारसा नाही, पण सावलीही तुरळक. गडाखालच्या उधेवाडीत मिस्सा अर्पण करावयाचा बेत होता. निघण्यास आमच्यामुळेच उशीर झाला. मोती सारखा पुढेमागे धावत होता. आमच्या दुप्पट तरी तो चालला असावा. अकराच्या सुमारास त्याची धाप वाढली, चिकट लाळ गळू लागली. आम्हास वाटले, स्वारी खुशीत आहे!

"फादर, जरा थांबू या का? मोतीला बरं वाटत नाही," एक मुलगा म्हणाला.

"मिस्साला उशीर होईल, बाळा," आम्ही उत्तरलो.

अर्ध्या तासाने मोती झोकांड्या खाऊ लागला, ओकला आणि बसला तो उठेना. आम्ही घाईने त्याच्या तोंडात पाणी ओतले, अंगावर ओला टॉवेल गुंडाळला आणि तसेच उचलून निघालो. तिन्ही गोष्टी चुकल्या, हे पशुवैद्यांनी नंतर सांगितले. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; मुख्यतः धापेवाटेच तो उष्णता टाकतो. त्याचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०५ च्या पुढे गेले की जीवावर बेतते. म्हणून आधी सावलीत निजवून अंगावर, विशेषतः पोटावर व जांघांत, पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि मगच हलवावे. गुंडाळलेल्या फडक्याने उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असता तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

पाणी आमच्यापाशी नव्हते असे नाही. दोन कॅन भरलेले होते. मिस्सानंतरच्या जेवणासाठी आम्हीच ते राखून ठेवावयास सांगितले होते.

मोती त्याच रात्री गेला.

तरुणांच्या सहली आजही निघतात, पहाटे. कुणाचा कुत्रा सोबत असला तर औषधांची पिशवी तोच मुलगा सांभाळतो. तीत जखमेच्या पट्ट्या, काटे व गोचिडी काढावयाचा चिमटा, पाण्याचे पसरट भांडे असते. माणसांची पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन कुत्र्यास विषासमान, म्हणून त्या गोळ्या तो निराळ्या ठेवतो. साप चावल्यास आवळून बांधावयाचे नाही, कापावयाचे नाही, कुत्र्यास चालू न देता उचलून पशुवैद्यांकडे न्यावयाचे, हे त्याने सर्वांकडून घोकून घेतले आहे. ऊन चढले की तो तळहाताची मागची बाजू खडकावर टेकवतो आणि सातपर्यंत मोजतो. हात टिकला नाही तर तो थांबतो. मिस्सा कोठे करावयाचा, ते आम्ही मग पाहतो.