रुपयांचा पेला

एडिंबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर उभे राहिले की एका बाजूला काळ्या खडकावरचा किल्ला दिसतो आणि दुसऱ्या बाजूला दुकानांची लांबलचक रांग. त्या रांगेच्या पाठीमागे रोझ स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे. नाव गुलाबाचे, पण वास बीअरचा! पुण्यात जशी पावलोपावली अमृततुल्ये, तसे येथे पब. किल्ला पाहायला गेलेला मी, या गल्लीतच अधिक रेंगाळलो. (प्यालो ते लिंबाचे सरबत, पण हे कोणाला पटणार?)

मला ओढ होती ती एका पेल्याच्या गोष्टीची. १८७३ साली कलकत्त्यातल्या गोऱ्या मंडळींनी रग्बीचा एक क्लब काढला. प्रारंभी सभासद भराभर जमले, कारण तेथे दारू फुकट मिळे. पुढे ती सोय बंद पडली, लष्करातली एक पलटण हलली, आणि क्लब ओस पडला. उरलेल्या मंडळींनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते वितळवले आणि पेला घडवला. तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून या ‘कलकत्ता कप’साठी झुंजत आले आहेत. आपल्या देशातले रुपये, आणि त्यांच्या घडणीमागे आटलेला दारूचा झरा! तेव्हा पुढे जे घडले त्याचे मला फारसे नवल वाटले नाही.

१९८८ साली मरेफील्डच्या मैदानावर इंग्लंडने ९-६ असा विजय मिळवला. रात्री मेजवानी झाली. नंतर स्कॉटलंडचा जॉन जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स हा पेला घेऊन रस्त्यावर उतरले, आणि मद्याच्या भरात त्याचाच चेंडू झाला. चांदीला पोचे पडले. जेफ्री हा व्यवसायाने शेतकरी. रिचर्ड्स, वाचकहो, चक्क पोलीस शिपाई! शिक्षा झाली ती अशी: शेतकऱ्याला कित्येक महिने बंदी, शिपायाला एका सामन्याची. गुन्हा एक, पेला एक. पण न्यायाची मापे दोन. पुढे दोन्ही देशांनी पेल्याच्या हुबेहूब प्रतिकृती करून घेतल्या.

ते दिवस हौशी खेळाचे. खेळाडूला पगार नव्हता, म्हणून सामन्यानंतरचा ग्लास हाच त्याचा मोबदला मानला जाई, आणि संघाचे अधिकारी पुष्कळदा दुसरीकडे पाहत. १९९५ साली रग्बी धंदेवाईक झाला आणि खेळाडूची रात्रही मालकाच्या हिशेबात आली. २०२० च्या जानेवारीत फिन रसेल हा स्कॉटलंडचा हुशार खेळाडू संघ उतरलेल्या हॉटेलात उशिरापर्यंत पीत बसला. शिस्तभंगाची कारवाई झाली, तो संघ सोडून गेला, आणि प्रशिक्षक ग्रेगर टाऊनसेंड यांच्याशी आपले जमत नाही हे त्याने वृत्तपत्रातून उघड सांगितले. गंमत पाहा: ज्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेच्या तोंडावर तो असा बाहेर पडला, तिच्या नावाआधी २०१९ पासून गिनेस या बीअरचे नाव जोडलेले आहे! मैदानावर, तिकिटावर बीअर मिरवायची आणि खेळाडूने मात्र तिच्याकडे पाहून पाणी प्यायचे. शिस्त हवी याविषयी माझे दुमत नाही. रात्री जागलेला गडी सकाळी सरावाला काय कामाचा? परंतु ती शिकवणाऱ्याचा हात त्याच पिंपात असू नये, एवढेच.

२०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा तेच. रोमला इटलीवर ३३-२२ असा विजय मिळवून संघ एडिंबरोला परतला, आणि सहा खेळाडू याच शहरातल्या एका बारमध्ये गेले. त्यांत कर्णधार स्टुअर्ट हॉग होता आणि रसेलही होता. हॉगचे कर्णधारपद राहिले. रसेलला डब्लिनच्या सामन्यात आरंभी राखीव बाकावर बसावे लागले. स्कॉटलंड तेथे ५-२६ असा हरला. म्हणजे १९८८ ची दोन मापे अजून कपाटात होतीच.

रसेलची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. २०२४ साली त्याच टाऊनसेंड यांनी त्याला रोरी डार्जच्या जोडीने कर्णधार नेमले. मरेफील्डवर इंग्लंडला ३०-२१ असे नमवून त्या वर्षी स्कॉटलंडने कलकत्त्याच्या रुपयांचा पेला आपल्याकडेच राखला.