नळदुर्गचा पाणी महाल आणि घरातला तांब्या

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की साधारण तासाभरात नळदुर्ग येतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्याचं हे गाव. इथल्या किल्ल्यात लोक बुरूज आणि तोफा पाहतात. आम्ही मुलांना नेलं ते पाणी दाखवायला.

दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात इथे बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ त्याने जोडले गेले. बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे. त्याचं साल 1613 आणि बांधणाऱ्याचं नाव मीर मुहम्मद इमादीन. नदीला पुरेसं पाणी आलं की बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात. जिना उतरून महालात उभं राहावं, तर पाणी समोर पडताना दिसतं आणि आपण कोरडे!

“डोक्यावरून एवढं पाणी जातं, मग आत कसं येत नाही?” धाकट्याने विचारलं. आम्ही म्हणालो, “बांधणाऱ्याने पाण्याला त्याची वाट आधीच करून दिली होती, बेटा.” अडवलेलं पाणी किल्ल्याच्या उपयोगी पडत होतं, जास्तीचं नदीला परत मिळत होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही या भागातल्या पावसाचा भरवसा नव्हता, हे मुलांना तिथे समजलं.

आमच्या मुलांनी टँकरच्या रांगा पाहिलेल्या नाहीत. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे त्यांना गोष्टीसारखं वाटतं. नळ उघडला की पाणी येतं, एवढंच त्यांना ठाऊक. नुसतं “पाणी वाया घालवू नका” म्हणून ते ऐकणार नाहीत. त्यांना मोजायला लावावं लागतं.

म्हणून घरी परतल्यावर एक काम त्यांच्यावरच सोपवलं. नळाखाली बादली ठेवून प्रत्येकाने नेहमीसारखा वुजू करायचा. अर्धी बादली भरली! मग तोच वुजू तांब्याने केला, तर दीड तांब्यात झाला. प्रेषित मुहम्मद (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, जेमतेम लिटरभर पाणी. थोरलीने लगेच हिशेब मांडला: दिवसाला पाच नमाजा, घरात सहा माणसं.

आता वुजूचं पाणी बादलीत जमतं आणि अंगणातल्या कढीपत्त्याला जातं. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, हे मुलंच ठरवतात. दादीजानचा नळ जरा जास्त वेळ चालू राहिला, तर तिलाही अदबीने आठवण करून देतात.

पावसाळ्यात नळदुर्गला जरूर जा. पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या, कचरा पिशवीत परत आणा. आणि आल्यावर एकदा नळाखाली बादली ठेवून पाहा.